झिरो-टर्न घेण्याआधी उतार मोजा

तुमचा प्रश्न वाचून आमचं इथलं पहिलं वर्ष आठवलं. व्हर्जिनियात रोअनोकजवळ तुम्ही घेतलेली जागा, त्यात सहा एकर नुसतं गवत, घरामागे ओढ्याकडे उतरत जाणारी जमीन, आधीच्या मालकाने सोडून दिलेला म्हातारा लॉन ट्रॅक्टर आणि त्यावर दर शनिवारी वाया जाणारे पाच-सहा तास. त्यात डीलरने झिरो-टर्न, म्हणजे दोन दांड्यांवर चालणारा आणि जागच्या जागी वळणारा बसायचा मोअर (गवत कापायचं यंत्र), तोही ५४ इंच रुंद पट्टा कापणारा, दाखवून सांगितलं, दोन तासांत मोकळे व्हाल. घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी पिट्सबर्गच्या दक्षिणेला सात एकरांवर तेरा वर्षं गवत कापतेय. (हो, मीच. नवऱ्याला परागकण सोसत नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे.) आमच्याकडे सपाट म्हणावी अशी जागा फक्त गॅरेजमध्ये. सासरे वाईहून पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या पायरीवर उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं गवत, आणि एकही म्हैस नाही?" ते दुसरंही एक बोलले होते, त्याकडे पुढे येते.

उतार किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. "बऱ्यापैकी चढउतार" हे माप नव्हे. चार फुटी लेव्हल घ्या. तिचं एक टोक चढाकडच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि दुसरं टोक उताराच्या दिशेने धरून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. मग त्या उचललेल्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. साडेआठ इंच आलं तर उतार १० अंश. तेरा इंचांना जरा कमी आलं तर १५ अंश. साडेसतरा आलं तर २०. लांब सरळ फळीवर फोन ठेवून अ‍ॅपने मोजलं तरी चालेल, पण सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट जागा कुठली आणि ती किती अंश, हेच आपल्याला हवंय. आणि अंश म्हणजे टक्के नव्हेत. १५ अंश म्हणजे जवळजवळ २७ टक्के. दुकानात ही गल्लत सर्रास होते.

आता १५ वरच का अडायचं? बहुतेक झिरो-टर्नच्या पुस्तिकांत हीच कमाल मर्यादा असते, घरगुती मॉडेलपैकी काहींना तर १०च. डीलर म्हणेल, कंपन्या वकिलांना घाबरून तसं छापतात. मलाही एकाने हेच सांगितलं होतं. पण यंत्राची रचना बघितली की कारण कळतं. झिरो-टर्नची पुढची दोन चाकं सुपरमार्केटच्या ढकलगाडीसारखी, जिकडे ढकलाल तिकडे वळणारी. त्यांना ना स्टिअरिंग, ना ब्रेक. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या दोन चाकांवर: उजव्या दांडीने उजवं चाक, डाव्या दांडीने डावं. म्हणजे मागच्या टायरांची पकड सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच क्षणी जातात. साध्या ट्रॅक्टरचं मागचं चाक घसरलं तरी पुढची चाकं वळवायची थोडी सोय हातात राहते. इथे तीही नाही. त्यात उतारावरून खाली येताना वजन पुढे सरकतं, म्हणजे नेमक्या ज्या चाकांवर सगळी भिस्त तीच हलकी होतात. हा दांड्यांवर वळणारा प्रकार १९६० च्या दशकात कॅन्ससमध्ये आकाराला आला. तिथली जमीन ताटासारखी. हे यंत्र त्या मुलखाचं आहे.

माझी फजिती सांगते. दुसऱ्या वर्षीचा मे महिना, सकाळचे साडेआठ, पाहुणे येणार म्हणून घाई. गवतावर दव होतं, मला वाटलं एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. तळ्याकडच्या उतारावर खाली येताना वेग वाढल्यासारखा वाटला म्हणून मी दोन्ही दांड्या मागे ओढल्या. चाकं उलटी फिरायला लागली आणि यंत्र घसरगुंडीसारखं निघालं. वीसेक फूट गेलं असेल. तारेच्या कुंपणाने अडवलं, नाहीतर मी तळ्यातच जाणार होते. नंतर पुस्तिका नीट वाचली. पकड सुटली तर पाती बंद करायची आणि हळूहळू सरळ खाली उतरायचं. दांड्या मागे ओढायच्या नाहीत, उलट किंचित पुढे, म्हणजे चाकं जमिनीच्या वेगाने फिरून परत पकड घेतात. हे त्या क्षणी सुचत नाही. कोरड्या गवतावर, सौम्य उतारावर आधी चार वेळा हात बसवून घ्या.

जमिनीचे तीन भाग पाडा. १० अंशांच्या आतला भाग कुठलाही चांगला झिरो-टर्न सांभाळेल. १० ते १५ मध्ये निवड महत्त्वाची, त्याबद्दल खाली लिहिते. १५ च्या वरच्या भागासाठी झिरो-टर्न घेऊच नका, कितीही महाग असला तरी.

मग त्या भागाचं काय? इथे सासऱ्यांचं दुसरं वाक्य. "उतारावर आपण आधी ताली घालतो, मग पेरतो. तुम्ही नुसते वरून खाली काय पळताय?" ताली घालायला मी गेले नाही, पण मुद्दा पटला. उतार असेल तसा कापायलाच हवा असं कुठे लिहिलंय? तळ्याकडचा पाऊण एकर मी लॉनमधून काढून टाकला. तिथे लिटल ब्लूस्टेम हे इकडचं देशी गवत आणि थोडी रानफुलं लावली. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वर्षातून एकदा, थंडी संपता संपता, माणूस बोलावून कापून घेते. पहिली दोन वर्षं तिथे नुसतं रान माजल्यासारखं दिसतं आणि शेजारी चौकशी करतात. तिसऱ्या वर्षापासून तेच शेजारी फोटो काढतात. फक्त क्राउनव्हेच लावू नका. पेनसिल्व्हेनियात हायवेच्या उतारांवर ते एकेकाळी मुद्दाम लावलं गेलं, आता ते कुठेही घुसतं.

तीव्र उतार कापायचाच असेल तर चारही चाकांना ताकद देणारं यंत्र लागतं. जॉन डिअरचा एक्स७३८ सारखा फोर-व्हील ड्राइव्ह गार्डन ट्रॅक्टर, किंवा ओहायोत बनणारा व्हेन्ट्रॅक. व्हेन्ट्रॅक जोडचाकं लावून ३० अंशांपर्यंत चालवता येतो, पण किंमत ऐकून घरात भांडण होईल. अर्ध्या एकरासाठी तो घेण्यापेक्षा ज्याच्याकडे तो आहे त्याला वर्षातून चारदा पैसे देणं परवडतं.

आता १० ते १५ वाल्या भागासाठी निवड. लोक इंजिन आणि हॉर्सपॉवर विचारतात. मी आधी ट्रान्समिशन विचारते, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग. चढावर सगळा भार त्याच्यावर येतो, तापतं तेच आणि महागात पडतं तेही. बऱ्याच यंत्रांत हायड्रो-गिअर कंपनीचं ट्रान्समिशन असतं. स्वस्त मॉडेलांत त्यांचं ईझेडटी, ज्याला बाहेरून बदलता येणारा फिल्टर नसतो. सपाट एक एकराला ते पुरतं. तुमच्या जागेला झेडटी-२८०० च्या खाली जाऊ नका, झेडटी-३१०० किंवा ३४०० मिळालं तर उत्तम. यांना फिल्टर असतो, तेल बदलता येतं: पहिल्यांदा ७५ तासांनी, नंतर दर ४०० तासांनी. तो पहिला ७५ तासांचा बदल लोक विसरतात आणि पाचव्या वर्षी "चढावर दम लागतो" म्हणून तक्रार करतात. जुनं यंत्र बघायला गेलात तर अर्धा तास चालवून गरम झाल्यावरच चढावर नेऊन बघा. थंड असताना सगळेच चढतात.

डेक म्हणजे पात्यांवरचं खालचं पत्र्याचं झाकण. त्याच्या रुंदीचा हिशेब सोपा आहे. ताशी मैल गुणिले इंच, भागिले १००, आणि वळणं-ओव्हरलॅपसाठी त्यातले वीस टक्के वजा. ५४ इंच, ताशी ५ मैल धरले तर तासाला सव्वादोन एकरांच्या आत-बाहेर. म्हणजे तुमचे सहा एकर पावणेतीन तासांचे, तेही सपाट असते तर. डीलरचे दोन तास यायला ताशी ७ मैल सतत पळवावं लागेल. उतारावर ३-४ मैलांच्या पुढे जाऊच नये, तेव्हा चार तास धरून चाला. ६० इंची घेऊन वेळ वाचेल असं वाटतं, पण उंचसखल जमिनीवर रुंद डेक उंचवट्यावर टेकतो आणि तिथलं गवत मुळापासून खरवडून काढतो. ५२ किंवा ५४ ठीक आहे. डेक पत्रा दाबून बनवलेला नको, वेल्डिंग केलेला घ्या. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड, म्हणजे १० पेक्षा ७ चांगला.

इंजिन कावासाकी, कोहलर किंवा व्हॅनगार्डचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं), २२-२५ हॉर्सपॉवर. यावर जास्त डोकं घालवू नका.

मागचे टायर रुंद हवेत, आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. ट्रॅक्टरसारखे उभ्या दातांचे टायर बसवून मिळतात, पकड खरंच वाढते, पण जागच्या जागी वळलात तर लॉनला भोकं पडतात. आणि ती डोक्यामागची लोखंडी कमान, रोल बार, ती नसलेलं यंत्र तुमच्या जागेसाठी घेऊ नका. बसायच्या मोअरवर माणूस दगावतो तो बहुतेक वेळा यंत्र उलटून अंगावर येऊन. कमान उभी असेल तर पट्टा लावायचाच. फांदीखाली जायला कमान पाडली असेल तर पट्टा काढायचा, कारण तेव्हा उडी मारता येणं जास्त कामाचं. पाडलेली कमान पुन्हा उभी करायला माणूस विसरतो. मी सीटवर चिठ्ठी चिकटवली आहे.

स्टिअरिंग व्हील असलेला झिरो-टर्नही मिळतो. कब कॅडेटच्या अशा मॉडेलांत पुढची चाकंही स्टिअरिंगने वळतात, त्यामुळे उतारावर आडवं जाताना यंत्राचं तोंड खाली ओढलं जात नाही. तुमच्यासारखा ट्रॅक्टरची सवय असलेला माणूस त्यावर पहिल्या दिवसापासून बरा चालवतो. मी आज नव्याने घेतला असता तर याचाच विचार केला असता. तरी १५ ची रेषा त्यालाही पाळली असती.

उतार वर-खाली कापायचा की आडवा, यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. ढकलायचा मोअर आडवा चालवतात, म्हणजे पाय घसरला तरी आपण त्याच्याखाली जात नाही. बसायच्या मोअरला बहुतेक पुस्तिका वर-खाली सांगतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल तेच करा. उताराच्या मध्यावर जागच्या जागी गर्रकन वळू नका. ओढ्याच्या काठाशी डेकच्या दुप्पट रुंदीची पट्टी न कापता सोडा, काठ खालून पोखरलेला असतो. ग्राउंडहॉगची बिळं दिसली की काठीला लाल फडकं बांधून खूण करा. ऑगस्टनंतर जमिनीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर लक्ष ठेवा. उतारावर बसून गांधीलमाशी हाकलणं काय असतं, ते अनुभवू नका.

पैसे सांगायचे तर अशा यंत्राला साधारण सात-आठ हजार डॉलर धरा. तीन-साडेतीन हजारवाले मोठ्या दुकानांत रांगेने उभे असतात, ते तुमच्यासाठी नाहीत. ज्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि जो यंत्र न्यायला ट्रेलर घेऊन येतो, असा डीलर शोधा. त्याला सांगा, ट्रेलरवर घालून माझ्या उतारावर आण, मग बोलू. दुकानाच्या डांबरी आवारात सगळेच झिरो-टर्न नाचून दाखवतात. डेमो दुपारी ठेवा, दव वाळल्यावर.

त्याआधी लेव्हल घेऊन फिरा आणि तीन-चार जागांची मापं इथे लिहा. ओढ्याकडचं आधी.