आठ हजारांच्या साध्या मोबाईलने चवथीचे फोटो चांगले येतील का, की नवा फोन घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काढलेले माटोळीचे (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या चौकटीचे) फोटो धूसर आणि दाणेदार आले, घरचे म्हणतात फोन बदल, आणि तुमचं बजेट नाही. माझं मत विचाराल तर या चवथीपर्यंत तरी पैसे खर्च करू नका.

मी गोव्यात फोंड्याला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाच्या ऑर्डरी आता फारशा घेत नाही. पोट चालतं ते पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि लोकांच्या मोबाईलमधल्या फोटोंच्या प्रिंटवर. त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघणं हाच धंदा. साठ हजारांच्या फोनचे भिकार फोटो बघितलेत आणि आठ हजारांच्या फोनचे फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगेही.

आधी फोन उलटा करा आणि मागच्या लेन्सवर तिरका उजेड पडेल असा धरा. खोबरेल, घाम, मासे साफ केलेला हात, समुद्रावरून आलेलं खारं वारं, असं सगळं तिथे बसलेलं दिसेल. समईच्या ज्योतीभोवती धुक्याचं वलय येतं आणि दिव्यांतून लांब रेघा निघतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. चष्म्याचं फडकं किंवा धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. मिरामारच्या किनाऱ्यावर असाल तर शर्टाच्या टोकाने पुसू नका, वाळूचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. आणि लेन्सवर ती वेगळी काच चिकटवली असेल तर काढून टाका. एक काकी दोनदा फोन दुरुस्तीला देऊन आल्या होत्या, कारण प्रत्येक फोटोत देवासमोरच्या समईची दुसरी, भुताटकीसारखी समई दिसायची. मी ती काच नखाने उचकटली, खेळ संपला. पावसात कदंबच्या एसी बसमधून उतरल्याउतरल्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा चार-पाच मिनिटं थांबा.

आता मुख्य गोष्ट. साध्या फोनचा सेन्सर साधारण तूरडाळीच्या दाण्याएवढा असतो. त्यावर उजेड पडतोच मुळात थोडा. घरात अंधार असला की फोन दोन गोष्टी करतो: मिळालेला उजेड जबरदस्तीने वाढवतो, त्यातून दाणे येतात, आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग, त्यात हात हलला की फोटो धूसर. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. फोनला उजेड द्या आणि तो हलू देऊ नका.

माटोळी ही नेमकी कठीण गोष्ट आहे. जुन्या घरात गणपतीची खोली आत, खिडकी लहान, त्यात वर नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, घागऱ्यो, हरणां असं रानातलं काय काय गच्च बांधलेलं. उजेड मूर्तीवर असतो आणि माटोळी काळोखात. वर त्या चिनी माळा लुकलुकतायत. लोक फोटो काढतात कधी, तर रात्री, भजन संपल्यावर. मी सांगतो तसं करून बघा. सकाळी साडेदहा-अकराला, पूजा आटोपल्यावर, दारं-खिडक्या सताड उघडा. लुकलुकणाऱ्या माळा दोन मिनिटं बंद करा. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब दोन्ही चालू असतील तर एक बंद करा, नाहीतर मूर्तीचा एक गाल हळदीचा आणि दुसरा निळसर येतो. समोर स्टूल ठेवा, त्यावर लाडवांचा डबा, डब्याला टेकवून फोन आडवा उभा करा आणि टायमर तीन सेकंदांवर लावा. बटण दाबतानाच फोन सगळ्यात जास्त हलतो, म्हणून टायमर. मग स्क्रीनवर गणपतीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येईल, ती किंचित खाली ओढा. फोटो थोडा काळोखा दिसला तरी चालेल. काळोखातलं थोडंफार मला नंतर उजळता येतं, पण मुकुटाची सोनेरी नक्षी एकदा पांढरी फटक झाली की ती परत कुठून आणणार?

फ्लॅश बंद. त्याचा उजेड दीड मीटरच्या पुढे जेमतेम जातो. पुढे लोंबणारे नारळ चुन्यासारखे पांढरे, मूर्तीच्या रंगावर चकाकी, आणि मागे गुहा.

माटोळी मावत नाही म्हणून वाईड लेन्स लावू नका. स्वस्त फोनमधली ती दुय्यम लेन्स घरातल्या उजेडात हात टेकते. पाठ दाराला लागेपर्यंत मागे सरका. उलट जवळचं हवं असेल तर पुढे चालत जा. दोन बोटांनी स्क्रीन ताणून केलेला झूम म्हणजे फोटोचे काठ कापून मधला तुकडा फुगवणं. दुप्पट झूम केला की चारातला एकच भाग उरतो.

मागे तीन डोळे आहेत म्हणून कॅमेरा चांगला, असं काही नसतं. स्वस्त फोनमध्ये त्यातले दोन बऱ्याचदा शोभेचे. ५० मेगापिक्सेलचंही तसंच: असे बहुतेक फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात, आणि घरातल्या उजेडात तेच बरं दिसतं. ५० चा वेगळा मोड लावून फक्त जागा भरते. ब्युटी मोड बंद करा. परवा एक आजी आपल्याच फोटोकडे बघून म्हणाल्या, ‘हें कोण?’

बाहेर काढताना एक खोच लक्षात ठेवा. समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं असावं असं कॅमेऱ्याला वाटतं. त्यामुळे पणजीची पांढरीशुभ्र इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च तो मळकी करतो, आणि तांबडी सुर्लाचं काळ्या बेसॉल्टचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ धुतल्यासारखं राखाडी. पांढऱ्यासाठी ती सूर्याची पट्टी थोडी वर, काळ्यासाठी थोडी खाली. लोक नेमकं उलट करतात. किनाऱ्यावरचं तर रोजचंच दुखणं: आपला समुद्र पश्चिमेला, सगळ्यांना सूर्यास्ताकडे पाठ करून उभं राहायचं असतं, मग चेहरे काळे. माणसांचा फोटो हवा असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास तुम्ही समुद्राकडे पाठ करून उभे राहा आणि त्यांना उन्हाकडे तोंड करायला सांगा. मागे माड येतील, समुद्र येणार नाही. दोन्ही एकदम आठ हजारांत मागू नये.

दुपारी घराबाहेर काढायचं असेल तर अंगणात भर उन्हात कुणाला उभं करू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. सोप्यावर, पायरीच्या आत एक पाऊल, तोंड अंगणाकडे. स्टुडिओत पाच हजारांचे दिवे लावून मी जो मऊ उजेड आणतो, तो तिथे फुकट असतो.

आता ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते. फोटो काढताना जेवढे बिघडतात त्याहून जास्त ते नंतर बिघडतात. रोज कुणीतरी येतं, ‘बाब, हो फोटो मातसो व्हडलो करून दी,’ म्हणजे जरा मोठा करून दे, आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. फोनमध्ये तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. माझ्याकडे पोचतो तेव्हा लांब बाजू १६०० ची झालेली असते, तीही दाबून लहान केलेली. ४ बाय ६ इंची प्रिंटला, इंचाला ३०० धरले तर, १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, तिथे जेमतेम निभावतं. पण १२ बाय १८ ची फ्रेम काढली तर इंचाला ९० सुद्धा मिळत नाहीत. तोच मूळ फोटो असता तर दोनशेच्या वर मिळाले असते, आणि भिंतीवर तेवढे पुरतात. म्हणून प्रिंटसाठी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा वायरीने, पेन ड्राइव्हवर आणा. एचडी पर्याय नेहमीपेक्षा बरा, तरी मूळ तो मूळ. स्क्रीनशॉट मात्र आणू नका, मला रडू येतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या आईचा शेवटच्या चवथीचा फोटो मीच काढला होता, माटोळीखाली पाटावर बसून करंज्या भरताना. साधाच फोन, पण दाराचा उजेड छान पडला होता. घरच्या ग्रुपवर टाकला, फोन भरला म्हणून गॅलरी रिकामी केली. आई गेल्यावर मोठी फ्रेम करायला घेतली तेव्हा ग्रुपवरचा तो लहान फोटोच काय तो शिल्लक. धंदा फोटोचा, आणि स्वतःच्या आईच्या चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागले. शेवटी ५ बाय ७ चीच काढली.

आणखी एक, कारण यावरून दुकानात भांडणं होतात. फोनमधलं ‘फुल स्क्रीन’ किंवा १६:९ निवडलं की फोटो मोठा येतो असं वाटतं. प्रत्यक्षात सेन्सर ४:३ चा असतो, १६:९ केलं की चौथा हिस्सा कापला जातो. ४:३ च ठेवा. पण ४ बाय ६ चा कागद त्याहून लांबट, तेव्हा आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा भाग प्रिंटमध्ये जातो. म्हणून माटोळीच्या वर आणि पाटाच्या खाली थोडी मोकळी जागा ठेवून काढा. नाहीतर मी उंदीरमामा कापला म्हणून माझ्यावर रागावाल.

ज्याला खरंच इलाज नाही तेही सांगतो. देवळाच्या उत्सवातलं नाटक मागच्या खुर्चीवरून, शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या, रोमटामेळाच्या मिरवणुकीत नाचणारे लोक रात्री रस्त्यावर, घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्याचे हात: यात साधा फोन हरतो. नाटकाला पहिल्या रांगेत बसा आणि अंक संपताना नट पडद्याआधी क्षणभर स्थिर होतात तेव्हा बटण दाबा, स्क्रीनवर नटाच्या तोंडावर बोट टेकवून पट्टी खाली ओढलेली असू द्या. रोमटामेळ दिवस मावळायच्या आत गाठा. कुणी रात्रीचं पळतं दृश्य हौसेने रोज काढणार असेल तर त्याने नवा फोन घ्यावा, तुमचं तसं दिसत नाही.

फोटो नंतर सुधारायला स्नॅपसीड फुकट आहे. त्यात थोडा उजेड, थोडा रंगाचा तोल, बास. धार वाढवायची पट्टी शेवटपर्यंत नेऊ नका, झावळ्यांना पांढरी किनार येते आणि ती प्रिंटमध्ये अजूनच उठते.

चवथीची वाट बघत बसू नका. आज संध्याकाळी तुळशीसमोर दिवा लावाल तेव्हा दोन फोटो काढा: एक नेहमीसारखा हातात धरून, दुसरा लेन्स पुसून, फोन टेकवून, टायमर लावून आणि पट्टी खाली ओढून. दोन्ही ताणून मोठे करा आणि ज्योतीच्या कडा बघा.