होम डेकोरची कलेक्शन्स करून इलस्ट्रेटरचा हात खरंच सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुस्तकांसाठी चित्रं काढता, हात बसलेला आहे, पण हल्ली जे काढाल ते आधीच्यासारखंच दिसतं. कुणीतरी सुचवलं की अभ्रे, पडदे, वॉलपेपर, कप-बशा अशा घरसजावटीच्या वस्तूंसाठी एक कलेक्शन करून बघ, खूप शिकशील. तुम्हाला शंका आहे की हे खरोखर शिकणं आहे की नुसता जोडधंदा.

मी दोन्ही कामं करते, पुस्तकांचीही आणि कापडाचीही, त्यामुळे सरळ सांगते: शिकणं आहे, पण एका अटीवर. तयार असलेलं एक चित्र उचलून उशीवर, कपावर आणि पिशवीवर चिकटवायचं आणि त्याला कलेक्शन म्हणायचं, यातून काहीही हाती लागत नाही. मॉकअपमध्ये, म्हणजे वस्तूवर चित्र बसवून दाखवणाऱ्या नमुना-फोटोत, ते झकास दिसतं, दोन दिवस बरं वाटतं, संपलं. हात सुधारतो तो एकाच विषयातून पाच-सहा डिझाइनं काढताना, जी शेजारी-शेजारी ठेवली तर एका घरची वाटतील आणि तरी एकमेकींवर कुरघोडी करणार नाहीत.

आपल्या रोजच्या कामात चौकट आपल्या ताब्यात असते. पान कुठे सुरू होतं, नजर कुठून आत येईल, चेहऱ्यावर कधी थांबेल, सगळं आपण ठरवतो. शिवाय आपल्या हाताशी एक हुकमी पत्ता असतो, तो म्हणजे पात्राचा चेहरा. बाकीचं चित्र जरा कच्चं राहिलं तरी चेहरा सांभाळून घेतो. पडद्यावर यातलं काही चालत नाही. पडदा चुण्यांत पडतो आणि अर्धं चित्र घड्यांत जातं. उशी कुणीतरी उलटी टाकतं. वॉलपेपरच्या मधोमध कपाट येतं. म्हणजे कुठूनही कापलं, कसंही फिरवलं तरी उभं राहील असं चित्र तुम्हाला काढावं लागतं, आणि ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजिबात येत नाही. आकारांचं वजन, मधली रिकामी जागा, रेषेची जाडी एवढ्यावरच सगळा भार येतो.

रिपीट म्हणजे जोड न दिसता पुन्हा पुन्हा शेजारी मांडता येणारा चित्राचा तुकडा. तो शिकायला सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नका. एक चौकोनी कागद घ्या, मधोमध चित्र काढा, पण कडांना अजिबात टेकू देऊ नका. मग कागद उभा-आडवा कापून चार तुकडे करा आणि त्यांच्या जागा बदला: वरचा डावा खाली उजवीकडे, वरचा उजवा खाली डावीकडे. बाहेरच्या कडा आता आत आल्या, मागून चिकटपट्टी लावा. मध्ये मोठी रिकामी जागा तयार झालेली दिसेल, ती भरा. झाला रिपीट. फोटोशॉपमधला ऑफसेट फिल्टर हेच करतो, पण कात्रीनं केलं की कडेला गेलेली फांदी पलीकडून कशी आत येते ते डोक्यात पक्कं बसतं.

खरी गंमत यानंतर. तो चौकोन चार बाय चार असा मांडा, लहान करा आणि डोळे बारीक करून लांबून बघा. जवळून सुरेख वाटणाऱ्या डिझाइनमध्ये पांढरे पट्टे धावताना दिसतील, नाहीतर एकच गडद पान ठरावीक अंतरावर ठिपक्यांसारखं टोचत राहील. तुमच्या चित्रात रिकामी जागा कुठे साचते हे इतक्या निर्दयपणे दुसरं कुणी दाखवत नाही. यावर उपाय म्हणून बरेच जण लगेच हाफ-ड्रॉपकडे जातात, म्हणजे शेजारच्या रांगेत तोच तुकडा अर्ध्या उंचीनं खाली सरकवायचा. त्यानं आडवे पट्टे मोडतात, हे खरं. पण मुळात वजन एका बाजूला साचलेलं असेल तर तेच आता तिरके धावायला लागतं. तेव्हा आधी साध्या सरळ मांडणीत चित्र सुधारा, हाफ-ड्रॉप नंतर.

माझ्या एका कलेक्शनचं उदाहरण देते. विषय होता तळं. मुख्य डिझाइनमध्ये लव्हाळ्याचे उंच देठ आणि त्यावर बसलेला खंड्या. स्क्रीनवर सगळे बघणारे खंड्याचंच कौतुक करत होते. छापील नमुना आला, त्याला कापडवाले स्ट्राइक-ऑफ म्हणतात, तो भिंतीवर टाचला आणि दारातून पाहिला तर पक्षी दिसतच नव्हते, दिसत होत्या चोची. सगळ्या उजवीकडे, रस्त्यावरच्या बाणांसारख्या. रिपीटमध्ये कोणतीही टोकदार गोष्ट दिशा बनते. मग एक खंड्या मागे वळून बघणारा केला, एकाची चोच पिसांत खुपसली, आणि एक पाण्याकडे झेपावणारा, जवळजवळ उभा. तीन वेगळ्या ढंगांत तोच पक्षी काढताना त्याची मान कशी वळते, शेपटी किती आखूड असते हे मला पहिल्यांदा नीट बघावं लागलं. पुस्तकात एकच बाजूनं बसलेला खंड्या काढून मी मोकळी झाले असते.

पक्ष्यांवरून आठवलं. विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डिझायनरनं 1862 मध्ये ‘ट्रेलिस’ नावाचा वॉलपेपर आखला, गुलाबाची वेल चढलेली लाकडी जाळी. त्यातले पक्षी त्याचे नाहीत, ते त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेबनं काढले. मॉरिसला स्वतःच्या पक्ष्यांवर भरवसा नव्हता. त्याच माणसाचं 1883 चं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ बघा, बागेतली फळं पळवणारे थ्रश पक्षी. पक्षी आता कोपऱ्यात बसलेले नाहीत, तेच डिझाइनचा कणा आहेत, आणि पानाफुलांच्या गच्च जाळात ते हरवतही नाहीत. मधल्या वीसेक वर्षांत तो कागद, छापील कापड, विणलेलं कापड, गालिचे अशा एकामागून एक वस्तूंसाठी डिझाइनं करत होता. दोन्हींची चित्रं शेजारी ठेवून अर्धा तास बघा. तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता कलेक्शनमधल्या बाकीच्या डिझाइनांबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे असते. एक मुख्य प्रिंट असतं, ज्यात सगळी गोष्ट असते. त्याला साथ देणारी एक-दोन मध्यम डिझाइनं असतात. आणि एक-दोन अगदी साधी, लांबून जवळजवळ एकरंगी वाटणारी, त्यांना ब्लेंडर म्हणतात. मुख्य प्रिंट काढायला सगळ्यांना आवडतं. ब्लेंडर काढायला कुणालाच आवडत नाही, आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. माझ्या तळ्याच्या कलेक्शनमध्ये ब्लेंडर होते पाण्यावरचे तरंग, नुसत्या बाकदार रेषा. ऐकायला सोपं. पण रेषा एकसारख्या ठेवल्या तर यंत्रानं काढल्यासारख्या मेलेल्या दिसतात, आणि जरा मोकळ्या सोडल्या तर त्या मुख्य प्रिंटशी भांडायला लागतात. शेवटी ब्रश कोरडा होत जातो तसतशी रेषा तुटू दिली, तेव्हा जमलं. विषय नाही, पात्र नाही, फक्त रेषा, आणि तरी कंटाळा येता कामा नये. पुस्तकातल्या मागच्या भिंती, गवत, आकाश हे सगळं मी आधी उरकायचे. आता उरकत नाही, ते या तरंगांमुळे.

मापाचंही तसंच. सगळ्या डिझाइनांतले आकार एकाच मापाचे असतील तर शेजारी ठेवल्यावर गोंगाट होतो. एक मोठं, एक मध्यम, एक बारीक हवं. इलस्ट्रेटर बहुतेक वेळा कागदावर मावेल एवढंच काढतो, त्यामुळे मोठं काढायची आपल्याला भीती असते. मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीसाठी माइया इसोलानं 1964 मध्ये काढलेलं ‘उनिक्को’ बघा. कंपनीच्या संस्थापक आर्मी रातिया यांनी फुलांची डिझाइनं नकोत असं जाहीर केलेलं, आणि हिनं पॉपीची फुलं काढली, तीही अवाढव्य आणि सपाट. ना छाया, ना पाकळीच्या शिरा. तुमचं एखादं बारीक कामाचं फूल तेवढं मोठं करून बघा. कुठे नुसत्या तपशिलानं वेळ मारून नेली आहे ते लगेच कळेल.

रंगांबद्दल एकच शिस्त पाळा: संपूर्ण कलेक्शनला मिळून सहा ते आठ रंग, त्याबाहेर एकही नाही. डिजिटल छपाईला अशी मर्यादा नसते. पण स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे रंग आरपार जाऊ देणारी जाळी, लागते, म्हणून ही सवय धंद्यातही कामाला येते. शिकण्याच्या दृष्टीनं मात्र खरा व्यायाम कलरवेचा आहे. तेच डिझाइन दुसऱ्या रंगसंगतीत करायचं, आणि त्यातलं एक तरी गडद पार्श्वभूमीवर. निम्म्या वेळा चित्र कोसळतं. याचा अर्थ ते निळ्या-केशरीच्या विरोधावर तगून होतं, त्याखाली गडद-फिक्याची बांधणी नव्हतीच. मग सगळं करड्या छटांत बदलून मुळापासून नीट करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण रंग जमत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. आणि छापील नमुना नेहमी दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या दिव्याखाली, दोन्हीकडे बघा. खिडकीशी शांत वाटणारा राखाडी रंग दिव्याखाली हिरवट निघू शकतो.

वस्तू निवडताना कपडे बदलल्यासारखं चित्र बदलू नका, वस्तूलाच विचारा. उशी मध्ये फुगते आणि कडा मागे वळतात, म्हणून शिवणीच्या जवळ डोळे, चोच, अक्षरं नकोत. ताटाचा मधला भाग जेवताना झाकला जातो, खेळ काठाचा. शिवाय ताटावर चिकटवलेलं छापील चित्र, म्हणजे डिकल, भाजताना सुमारे 800 अंश सेल्सियसला जातं आणि सगळे रंग ते सारखं सोसत नाहीत, लाल-केशरी विशेष नाजूक. गाठीच्या गालिच्यात प्रत्येक गाठ म्हणजे एक ठिपका, त्यामुळे तुमची लवचीक रेषा पायऱ्या-पायऱ्यांची होते. लॅम्पशेड माझी सगळ्यात लाडकी. निमुळत्या शेडचा कागद उलगडला की कमानीसारखा होतो, त्यावर सरळ उभे काढलेले देठ पंख्यासारखे पसरतात. दिवा लावला की प्रकाश मागून येतो, गडद भाग काळे पडतात आणि फिका भाग पेटतो. दिवा बंद आणि चालू अशा दोन्ही अवस्थांत चांगलं दिसेल असं चित्र एकदा काढून बघा, रिकाम्या जागेकडे बघायची नजरच बदलते.

सुरुवात करताना विषय अरुंद घ्या. ‘निसर्ग’ म्हणजे विषय नाही. ‘तळ्याच्या काठचं लव्हाळं’ हा विषय आहे. पाच डिझाइनं, तीन वस्तू, एवढंच. फाइल प्रत्यक्ष मापात करा. कापडाला 150 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) बहुधा पुरतात, कपासारख्या लहान वस्तूला 300 ठेवा. रिपीटचं माप हवेत ठरवू नका. रोटरी छपाईत नळकांड्यासारखी फिरती स्क्रीन वापरतात, तिचा नेहमीचा घेर 64 सेंटिमीटर असतो, म्हणून उभा रिपीट 64, 32 किंवा 16 मध्ये बसवतात; युरोपीय वॉलपेपरची गुंडाळी साधारण 53 सेंटिमीटर रुंद असते. आणि काहीही करा, पण निदान एका डिझाइनचा खरा कापडी नमुना छापून घ्या. स्क्रीनवर झूम करून बघणं म्हणजे पाहणं नव्हे.

यातून काय शिकायला मिळणार नाही तेही सांगते. हावभाव, एका पानावरून दुसऱ्या पानावर गोष्ट नेणं, चित्रातली खोली आणि परिप्रेक्ष्य (पर्स्पेक्टिव्ह), यांतलं काहीच नाही. उलट सलग बरेच महिने फक्त पॅटर्न केले तर माणसं सपाट आणि सजावटी व्हायला लागतात, हे मी अनेकांच्या कामात बघितलं आहे. त्यामुळे अधूनमधून समोर माणूस बसवून स्केच करत राहा.

जोडधंद्याचं म्हणाल तर पहिलं कलेक्शन विकायच्या हेतूनं करू नका, नाहीतर चालू फॅशन बघून तेच काढाल आणि पुन्हा त्याच साच्यात. पुढे कुणी कंपनी विचारेल तेव्हा हक्क विकणं आणि वापरायचा परवाना देणं यांतला फरक आधी समजून घ्या. परवाना देत असाल तर कोणत्या वस्तूंवर, कोणत्या प्रदेशात, किती काळासाठी, हे तिन्ही करारात लिहून घ्या. ‘सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर ते खोडून मागा, कारण परवाना फक्त त्याच कंपनीपुरता असेल तर त्या एका ओळीत तुमचा खंड्या पुढे कुठल्याही पुस्तकात वापरायची तुमचीच मुभा जाऊ शकते.