रक्ताच्या डागात कुत्र्याचा किंवा जिवाणूंचा डीएनए मिसळला तर माणसाचं डीएनए प्रोफाइल चुकतं का? ते ओळखतात कसं?

सहसा चुकत नाही. प्रोफाइल काढतात एसटीआर किटने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागांवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजणाऱ्या संचाने. त्याचे प्रायमर (कोणत्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते हेरणारे डीएनएचे छोटे धागे) मानवी डीएनएसाठीच बेतलेले असतात, त्यामुळे परका डीएनए बहुतेकदा निकालाच्या आलेखात शिखर म्हणून उमटतच नाही. किट वापरात आणण्याआधी प्राण्यांचे आणि जिवाणूंचे नमुने मुद्दाम तपासतात, त्यातूनच हे ठरतं. उमटलाच तर एखादं सुटं शिखर येतं, अ‍ॅलील लॅडरच्या (माणसांत आढळणाऱ्या तुकड्यांच्या लांबीच्या मोजपट्टीच्या) खुणांत न बसणारं. काही किटमध्ये कुत्रा, घोडा, डुक्कर यांचं शिखर अमेलोजेनिन या लिंग ओळखायच्या जागेजवळ दिसतं. दुसऱ्या माणसाची भेसळ मात्र सहसा अनेक जागांवर एकदम दिसते. प्राणी कोणता हे हवं असेल तर मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम बी जनुक वाचतात. अपवाद चिंपांझी, गोरिलांचा: त्यांची शिखरं बऱ्याच जागांवर येतात.