अँगस डीटन यांना अर्थशास्त्राचं नोबेल नेमकं कशासाठी मिळालं? त्यांच्या कामाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एम.ए. अर्थशास्त्र करताय, डीटन यांच्यावर टिपण लिहायचं आहे आणि नोट्समध्ये "उपभोग, दारिद्र्य आणि कल्याण" या तीन शब्दांपलीकडे काही सापडत नाही. शिवाय प्रकल्पासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे सरकार देशभर घरोघर जाऊन करतं त्या एनएसएसची आकडेवारी वापरावी का, असंही विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच धाग्यात देता येतं, कारण त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या लेखांपैकी एक ग्रामीण महाराष्ट्राच्या एनएसएस आकड्यांवरच उभा आहे.

आधी आयुष्य थोडक्यात. जन्म १९ ऑक्टोबर १९४५, एडिंबरा. वडील यॉर्कशरमधल्या कोळसा खाणीच्या गावचे. त्यांना क्षय झाला, पुढे त्यांनी रात्रीच्या वर्गात शिकून स्थापत्य अभियंत्याची नोकरी मिळवली आणि मुलाने शिकावं हा ध्यासच घेतला. अँगस शिष्यवृत्तीवर फेट्स या मोठ्या शाळेत गेले, तिथून केंब्रिजला. सुरुवात गणितात, मग अर्थशास्त्र. तिथे रिचर्ड स्टोन यांचा प्रभाव पडला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबासाठी १९८४ चं नोबेल मिळालेले तेच स्टोन. १९७६ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात प्राध्यापक, १९७८ मध्ये इकॉनोमेट्रिक सोसायटीच्या फ्रिश पदकाचे पहिले मानकरी, १९८३ पासून प्रिन्स्टन. नोबेल २०१५ मध्ये, एकट्यांना.

कामाचे तीन भाग सांगितले जातात. पहिला १९८० चा, जॉन म्युलबाउर यांच्याबरोबर: "जवळजवळ आदर्श मागणी प्रणाली". घरखर्चातला प्रत्येक वस्तूचा वाटा किंमती आणि एकूण खर्च यांच्यानुसार कसा बदलतो, हे मांडणारं समीकरण. दुसरा भाग उत्पन्न आणि उपभोग यांच्या चढउतारांचा, ज्यातून "डीटन विरोधाभास" हे नाव पडलं: उत्पन्न अचानक बदललं तरी उपभोग सिद्धांत सांगतो त्यापेक्षा कमी हलतो. हे दोन्ही पाठ्यपुस्तकात नीट सापडतील, म्हणून इथे थांबत नाही. तिसरा भाग, म्हणजे गरीब देशांतल्या घरोघरच्या पाहण्यांतून दारिद्र्य मोजण्याचा, तोच माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. नोट्समध्ये नेमका तोच दोन ओळींत गुंडाळलेला असतो.

हा भाग समजायला पुण्यापासूनच सुरुवात करा. १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च किती, हे एनएसएसच्या तक्त्यांतून काढायचं आणि त्याखालचे ते गरीब. १९६०-६१ च्या किंमतींना ही रेघ ग्रामीण भागात महिन्याला दरडोई १५ रुपयांच्या आसपास आणि शहरात साडेबावीसच्या आसपास येत होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अलघ कार्यगटाने ग्रामीण २४०० आणि शहरी २१०० कॅलरी धरल्या. या सगळ्या इमारतीचा पाया दोन गोष्टींवर: घराने सांगितलेला खर्च आणि त्या खर्चाला लावलेली किंमत. डीटन यांनी या दोन्ही ठिकाणी बोट ठेवलं.

किंमतीपासून सुरू करू. पाहणी करणारा गावात किंमती विचारत नाही. तो वस्तू किती घेतली आणि किती पैसे दिले हे विचारतो. पैशाला वजनाने भागलं की जे येतं त्याला एकक मूल्य म्हणतात. ही किंमत नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. उदाहरणादाखल, एकाच गावात एका घराने २० किलो तांदूळ ८०० रुपयांना घेतला, म्हणजे ४० रुपये किलो. शेजारच्याने १० किलो ६५० ला, म्हणजे ६५ रुपये. तांदूळ महागला नाही. एका घरात जाडा शिजतोय, दुसऱ्यात आंबेमोहोर. डीटन यांची युक्ती अशी: एनएसएसमध्ये एका गावातली मोजकी घरं साधारण एकाच सुमारास विचारली जातात, म्हणजे त्या सगळ्यांसमोर बाजारभाव एकच असतो. मग गावाच्या आतला एकक मूल्यांचा फरक दर्जाचा आणि चुकीच्या नोंदींचा. तो आधी बाजूला काढायचा. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत जो फरक उरतो, त्यातून किंमतीचा परिणाम मोजायचा. कुठेही किंमतींची वेगळी पाहणी न करता मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे हाती येतं.

हीच पद्धत हाताशी धरून त्यांनी आणि शंकर सुब्रमण्यन यांनी १९९६ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रावरचा लेख लिहिला. आकडे एनएसएसच्या १९८३ मधल्या ३८ व्या फेरीचे, म्हणजे ३८ व्या वेळच्या पाहणीचे. तेव्हा एक मोठा वाद चालू होता: गरिबाची मिळकत वाढली की तो जास्त कॅलरी खातो, की नुसतं चवीचं खातो? काही अभ्यास म्हणत होते की कॅलरी जवळजवळ वाढतच नाहीत. डीटन-सुब्रमण्यन यांना आढळलं की एकूण खर्च १० टक्क्यांनी वाढला तर कॅलरी ३ ते ५ टक्क्यांनी वाढतात. अन्नावरचा खर्च त्याहून बराच जास्त वाढतो. मधला फरक कुठे जातो? ज्वारीवरून तांदूळ-गव्हाकडे, साखर-तेल-दुधाकडे, म्हणजे त्याच कॅलरीला जास्त पैसे मोजण्याकडे. १०० ग्रॅम ज्वारीत ३४९ कॅलरी आणि तांदळात ३४५. पोटाला दोन्ही सारखेच, पण पैशाच्या हिशेबात ज्वारी तेव्हा सर्वांत स्वस्त होती. त्याच लेखातला दुसरा निष्कर्ष असा की दिवसभराच्या कामाला लागणाऱ्या कॅलरींचा खर्च रोजंदारीच्या ५ टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे "माणूस अशक्त म्हणून कमावत नाही आणि कमावत नाही म्हणून अशक्त" हे चक्र केवळ कॅलरींच्या जोरावर मांडता येत नाही. यावरून गावात कुपोषण नव्हतं असं मात्र लिहू नका. लेख कॅलरींबद्दल आहे. प्रथिनं, लोह, पाण्याची स्वच्छता हे वेगळे प्रश्न आहेत, आणि ते कळीचे आहेत हे डीटन यांनी स्वतः नंतर अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर लिहिलं. २००९ च्या त्या लेखात त्यांनी दाखवलं की ग्रामीण भारतात दरडोई कॅलरी १९८३ मध्ये २२४० होत्या आणि २००४-०५ मध्ये २०४७ वर आल्या, तेही खर्च वाढत असताना. अंगमेहनत कमी होणं आणि रोगराई घटणं हे त्यांनी सुचवलेलं स्पष्टीकरण. सगळ्यांना ते पटलेलं नाही. टिपणात हा मतभेद जरूर मांडा.

आता दुसरा पाया, घराने सांगितलेला खर्च. इथे प्रश्नपत्रिकेतला एक रकाना कोट्यवधी माणसांना रेषेच्या वर-खाली करू शकतो. पूर्वीपासून एनएसएस विचारत आली: "गेल्या ३० दिवसांत किती?" ज्वारी, गहू यांना हे ठीक, पोतं भरलेलं असतं, ते कधी आणलं हे आठवतं. पण भाजीचं बघा. गावात भाजी आठवडी बाजारातून येते. "गेल्या बाजाराला किती गेले?" असं विचारलं तर बाई पटकन सांगते, २८० रुपये. महिन्याचं विचारलं की चार बाजार मनात जोडावे लागतात, मध्येच दारावर आलेली मेथीची जुडी विसरली जाते, आणि उत्तर येतं "हजारेक". सात दिवसांच्या २८० चे तीस दिवसांचे होतात १२००. २०० रुपये गळाले. उलटी चूकही होते: सात दिवस विचारल्यावर आठव्या-नवव्या दिवशीची खरेदी सात दिवसांत ओढली जाते.

५१ ते ५४ या फेऱ्यांत एनएसएसने दोन प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या घरांत वापरून पाहिल्या. सात दिवसांच्या पत्रिकेने खर्च इतका जास्त दाखवला की दारिद्र्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मग १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नासाठी दोन्ही रकाने एकाच घराला, शेजारी शेजारी विचारले गेले. इथेच घोटाळा झाला. माणसाने एकदा सात दिवसांचं सांगितलं की महिन्याचं उत्तर तो त्याच्याशी जुळवून देतो. त्यामुळे ३० दिवसांचा रकाना नावाला तोच राहिला, पण १९९३-९४ च्या ३० दिवसांशी तुलनेचा उरला नाही. दारिद्र्याचा सरकारी आकडा ३६ टक्क्यांवरून २६ वर आला आणि देशभर वाद पेटला.

डीटन यांची दुरुस्ती अभ्यासण्यासारखी आहे. त्यांनी पाहिलं की जळण, दिवाबत्ती, किरकोळ औषधोपचार अशा काही बाबी दोन्ही फेऱ्यांत फक्त ३० दिवसांसाठीच विचारल्या आहेत. या बाबींवर इतका खर्च करणारं घर गरीब असण्याची शक्यता किती, हे १९९३-९४ च्या आकड्यांतून काढायचं आणि ते १९९९-२००० च्या घरांना लावायचं. ग्रामीण दारिद्र्य सरकारी हिशेबाने २७ टक्के होतं. या पद्धतीने सुमारे ३० आलं. म्हणजे घट खरी होती, पण सांगितली गेली तेवढी नव्हती.  पद्धतीची पायरी न पायरी उघड असल्यामुळे कुणालाही ती पुन्हा करून बघता आली, आणि मला त्यांच्या कामातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

एकक मूल्यांतूनच आणखी एक चूक उघडी पडली. काही राज्यांत सरकारी शहरी रेषा ग्रामीण रेषेपेक्षा ७० टक्क्यांपर्यंत वर होती. डीटन यांच्या हिशेबाने शहर-खेड्यातला किंमतींचा खरा फरक १५ टक्क्यांच्या आसपास. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा नव्याने आखली तेव्हा किंमतींसाठी मुख्यतः एनएसएसची एकक मूल्यं घेतली. २००४-०५ चं ग्रामीण दारिद्र्य २८.३ वरून ४१.८ टक्क्यांवर गेलं ते यामुळेच, शहरी २५.७ तसंच ठेवलं होतं.

तुमच्या प्रकल्पाबद्दल. एनएसएसची घरनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येते. ती जरूर वापरा, पण पुढच्या जागी विद्यार्थी हमखास अडकतात. पहिली गोष्ट गुणकाची, म्हणजे नमुन्यातलं एक घर प्रत्यक्षातल्या किती घरांच्या जागी धरायचं त्या आकड्याची. ६८ व्या फेरीत फाइलमधला गुणक १०० ने भागायचा. नमुन्याचे दोन्ही उपनमुने मिळून आकडा काढताना, फाइलमधल्या एनएसएस आणि एनएससी या दोन रकान्यांतले आकडे वेगळे असतील तिथे २०० ने. दारिद्र्य माणसांत मोजायचं असेल तर त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने गुणायचं, नाहीतर सहा माणसांचं घर आणि एकटा भाडेकरू सारखेच मोजले जातात.

एकक मूल्य काढताना एकदम टोकाची मूल्यं काढून टाका. लॉग घेऊन सरासरीपासून अडीच प्रमाण विचलनांपलीकडचं गाळणं ही डीटन यांचीच रीत. बहुतेक वेळा तिथे किलोऐवजी ग्रॅम लिहिलेलं निघतं. घरच्या शेतातलं धान्य शेतावरच्या भावाने धरलेलं असतं, दुकानाच्या नव्हे. ते विकतच्या धान्यात मिसळू नका. रेशनचा तांदूळ वेगळ्या ओळीत ठेवा. आता तो फुकट असल्यामुळे भागाकार शून्य येतो.

कॅलरी मोजणार असाल तर सर्वांत फसवी जागा जेवणांची. सालगड्याला किंवा मजुराला घातलेलं जेवण मालकाच्या घरखर्चात धरलं जातं, मजुराच्या नाही. दुरुस्ती न करता हिशेब केला तर बागायतदार रोज चार हजार कॅलरी खाताना दिसतो आणि मजूर उपाशी. डीटन-सुब्रमण्यन यांनी बाहेर खाल्लेली आणि इतरांना वाढलेली जेवणं मोजून ही दुरुस्ती केली आहे. तो भाग नीट वाचा.

फक्त पुणे जिल्ह्याचा आकडा काढायचा मोह टाळा. केंद्रीय नमुन्यात एका जिल्ह्याची घरं थोडी असतात आणि चुकीची मर्यादा फार रुंद येते. ग्रामीण महाराष्ट्र आणि शहरी महाराष्ट्र एवढ्यावर थांबा.

शेवटचं, २०२२-२३ च्या नव्या पद्धतीच्या पाहणीबद्दल. तिच्यात ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३७७३ रुपये आणि शहरी ६४५९ आला आहे. २०११-१२ शी तुलना करण्याआधी हे बघा की आता अन्न, इतर नेहमीच्या वस्तू आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका तीन वेगळ्या भेटींत भरल्या जातात. पूर्वी एकाच बैठकीत सगळं विचारायचे, आणि शेवटच्या पानांपर्यंत उत्तर देणारा कंटाळलेला असायचा. वाढलेल्या खर्चातला किती भाग खरा आणि किती या बदललेल्या विचारण्याचा, हा ५५ व्या फेरीसारखाच प्रश्न आहे. प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर दोन्ही पाहण्यांत एकाच पद्धतीने विचारलेल्या बाबी कोणत्या, त्यांची यादी करण्यापासून सुरुवात करा. दांडेकर-रथ यांचा मूळ अभ्यास बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात मागून बघा, आणि १९९६ चा महाराष्ट्रावरचा लेख त्याच्या शेजारी ठेवून वाचा.