ब्लॅक होलच्या फोटोत मधला काळा भाग किती काळा आहे?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी बारावीला आहे, तिने ब्लॅक होलचा तो केशरी कड्याचा फोटो दाखवला आणि म्हणाली की आता यात डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारा पदार्थ, शोधतायत. मला दोन गोष्टी कळेनात. डार्क मॅटर दिसतच नाही तर रेडिओ दुर्बिणीला कसं दिसणार? आणि ब्लॅक होल सगळंच गिळतं, मग त्याच्याजवळ ते उरतं कसं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. ब्लॅक होल अगदी जवळ आलेलंच गिळतं, लांबून फिरणारं फिरतच राहतं. साधा वायू फिरताना एकमेकांवर घासतो, तापतो, त्याचा जोर कमी होतो आणि मग तो हळूहळू आत घसरतो. डार्क मॅटर असं घासत नाही, त्यामुळे ते घिरट्या घालत राहतं आणि ब्लॅक होल जसजसं जड होत जातं तसतशा त्या घिरट्या आवळत जातात. ठाण्याला संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर पुलाच्या पायऱ्यांपाशी माणसं दाटतात ना, तशी दाटी तिथे व्हायला हवी, असं गणित गोंडोलो आणि सिल्क या दोन शास्त्रज्ञांनी 1999 साली मांडलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. डार्क मॅटरचे कण समोरासमोर आले की एकमेकांना संपवतात असं एक मत आहे, एरवी अशी गाठ पडणं फार दुर्मिळ, पण दाटी दहापट झाली की टकरी शंभरपट होतात. त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट विद्युतभाराचा जुळा) निघाले तर ते तिथल्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. म्हणजे दुर्बिणीला डार्क मॅटर दिसणार नाही, त्याच्या मागे उरलेल्यांची चमक दिसेल.

मुलीने दाखवलेला फोटो बहुतेक एम87 या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलचा असणार. 2017 मध्ये जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून 1.3 मिलिमीटरच्या लहरींवर निरीक्षणं घेतली, फोटो 10 एप्रिल 2019 ला आला. ते ब्लॅक होल साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं जड आहे आणि साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. त्यातलं केशरी कडं म्हणजे गरम वायू, तो बराचसा चकतीसारखा पसरलेला असतो. डार्क मॅटर मात्र चहूबाजूंनी गोळ्यासारखं असणार, त्यामुळे त्याची चमक मधल्या काळ्या भागावरही यायला हवी. सगळे लोक कड्याकडे बघतात पण शोधणाऱ्याने बघायचं ते मधल्या काळ्याकडे, तो किती काळा आहे ते. अजून तशी चमक सापडलेली नाही, तरी तो भाग इतका काळा आहे म्हटल्यावर कण इतक्या जोरात एकमेकांना संपवत असते तर तो उजळलाच असता, असं म्हणून काही शक्यता बाद करता येतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला हे कडं दिसणार नाही, तिच्या लहरी त्यासाठी खूप लांब आहेत, पण तिच्या निरीक्षणांत छोट्या आकाशगंगांमधून याच जातीची चमक येते का ते तपासलं गेलंय. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, माळशेजमार्गे सकाळी लवकर निघालात तर आरामात पोचाल. तिथल्या 45 मीटरच्या डिशखाली उभं राहून मुलीला वर बघायला सांगा. ती डिश पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे, वारा आणि ऊन तिच्यातून आरपार जातात, रेडिओ लहरी तेवढ्या अडतात.