‘ते परत आले, मग मी रडलो कशाला?’

टीव्हीवरच्या माणसाने निरोप घेतला आणि आपल्याला रडू आले, म्हणजे आपले मन कमकुवत झाले आहे का, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे सहसा सुरुवातीला विचारत नाहीत. झोपेची, चिडचिडीची, रक्तदाबाची तक्रार सांगून झाली की उठता उठता, जरासे हसत, तो काढतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये खडकीहून माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी मात्र खुर्चीत बसताक्षणी तो विचारला, आणि तोही रागाने. (त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले, वय 63. 29 डिसेंबर 2023 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’च्या पंधराव्या पर्वाच्या शेवटच्या भागात अमिताभ बच्चन भरल्या आवाजात प्रेक्षकांचा निरोप घेऊ लागले, तेव्हा हे गृहस्थ घरच्यांसमोर हुंदके देऊन रडले. आता हे सगळे कायमचे संपले, अशी त्यांची खात्री झाली होती. पुढे हळूहळू त्यांचे वर्तमानपत्र वाचणे सुटले, सकाळचे फिरणे सुटले, आणि घरच्यांनी ते वयावर ढकलले. मग 12 ऑगस्टला सोळावे पर्व सुरू झाले आणि त्याच खुर्चीत तेच सूत्रसंचालक दिसले. ‘‘बाबा, उगाच रडलात, आले की परत!’’ असे मुलगी सहज म्हणाली, आणि त्यानंतर दोन दिवस ते घरात कोणाशी बोलले नाहीत.

उमेद जाणे, झोप आणि भूक बिघडणे, आवडीच्या गोष्टींत मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून मी आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉइड आणि बी-12 चे अहवाल ठीक आले. गोळ्यांची गरज डॉक्टरांना वाटली नाही.

त्यानंतर माझ्याकडून चूक झाली. पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी, पण मनाला खरे वाटणारे नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच मांडले होते, तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही, असे मी त्यांना समजावू लागले. अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालक अॅलेक्स ट्रेबेक यांचे उदाहरणही दिले: 1984 पासून ते हा कार्यक्रम चालवत होते, स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झगडत मृत्यूच्या दहा दिवस आधीपर्यंत चित्रीकरण करत राहिले, 8 नोव्हेंबर 2020 रोजी गेले, आणि त्यांचा अखेरचा भाग 8 जानेवारी 2021 रोजी दाखवला गेला, म्हणजे गेलेल्या माणसाला प्रेक्षक दोन महिने रोज संध्याकाळी भेटत होते, आणि त्या शेवटच्या भागाची आठवण आजही हळवेपणाने काढतात.

गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ‘‘मॅडम, त्यांचे माणूस खरेच गेले होते,’’ ते म्हणाले. ‘‘माझे तर कोणी गेलेच नाही. आणि बच्चनसाहेब मला काही नातेवाईक वाटत नाहीत. ते प्रश्न विचारणारे, मी उत्तर देणारा.’’

या शेवटच्या वाक्यापाशी मी माझे पुस्तकी ज्ञान बाजूला ठेवले. पुढच्या भेटीत त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. 3 जुलै 2000 रोजी कार्यक्रम सुरू झाल्यापासून दोनशे पानी 19 वह्या भरल्या होत्या: राजधान्या, घटनेची कलमे, नद्यांची उगमस्थाने, सारे सुवाच्य अक्षरात. आधी फोन, मग एसएमएस, मग अॅप, अशा प्रत्येक मार्गाने त्यांनी नोंदणी करून पाहिली होती. बोलावणे एकदाही आले नाही. कार्यक्रम सुरू झाला त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले तेव्हा आशा वाटली होती, आणि 2019 मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावतीकडच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले तेव्हा तर त्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते. डिसेंबरमधल्या त्या रात्री संपली होती ती त्यांची पाळी, जी अजून आलीच नव्हती. मृत्यू झाला तर माणसे भेटायला येतात. न आलेल्या पाळीसाठी कोण येणार? वरून पुढच्याच वर्षी तो निरोपही खोटा ठरला, आणि हाती उरली ती फक्त घरच्यांदेखत रडल्याची शरम.

पैशांचे काय केले असते, असे विचारल्यावर ते गोंधळले. त्यांचे स्वप्न रकमेपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्पर्धक समोर बसला की त्याचे गाव, घर, काम यांची ओळख करून दिली जाते, तेवढेच त्यांना हवे होते. ती ओळख त्यांची पाठ होती. मी म्हणून दाखवायला सांगितली, तर ते हिंदीत बोलू लागले. साहजिकच, कार्यक्रम हिंदीतला. मराठीत सांगा म्हटल्यावर मात्र पहिल्याच वाक्याला अडले. मराठीत त्यांनी ती कधी कोणाला सांगितलीच नव्हती, पत्नीलाही नाही.

ती लिहून काढायला त्यांना तीन आठवडे लागले. हिंदी मजकुरात नसलेले पुष्कळ काही त्यात आले: दोन बहिणींच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा दहावीत सोडणे, कारखान्यात सगळे ‘मास्तर’ म्हणत त्याचा छुपा अभिमान, आणि ते नाव निवृत्तीच्या दिवशी फाटकापाशीच सुटल्याची बोच. एका रविवारी जेवणे झाल्यावर त्यांनी ती घरी वाचून दाखवली. पत्नी म्हणाल्या, ‘‘अहो, हे मला ठाऊकच नव्हते.’’ मुलीने तिच्या जन्माचे वर्ष चुकल्याचे दाखवून दिले. इतकी सालं तोंडपाठ असलेल्या माणसाची ही चूक, म्हणून सगळेच हसले. हे मला सांगताना त्यांनी तो कागद पुढे केला, तेव्हा 1990 वर रेघ मारून शेजारी 1991 लिहिलेले होते. पुढच्या नोंदणीचे काय करायचे, हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.