आधी निगेटिव्ह नीट बघ

भावा, रंकाळ्यावरच्या तुझ्या फोटोंतले तांबूस पट्टे पाहिले. फिल्म कॅमेरा विकायला काढू नकोस, आत नको तिथून उजेड शिरण्याचा हा दोष बहुतेक वेळा घरीच दुरुस्त होतो.

स्कॅन बाजूला ठेव आणि निगेटिव्ह खिडकीशी धर. काळपट डाग फ्रेम ओलांडून कडेच्या छिद्रांपर्यंत गेला असेल, तर उजेड मागच्या दारातून शिरतोय. चौकटीच्या आतच थांबला असेल, तर शटरच्या, म्हणजे फिल्मपुढे उघडझाप करणाऱ्या, पडद्यावर संशय घ्यायचा, आणि कॅमेरा कारागिराकडेच न्यायचा. तुझे पट्टे तांबूस आहेत, म्हणजे उजेड फिल्मच्या पाठीकडून आलाय. रंगीत फिल्ममध्ये लाल उजेड टिपणारा थर सगळ्यात खाली असतो, त्यालाच तो आधी लागतो. शिवाय फिल्मवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोच्या डाव्या कडेला पट्टा असेल तर कॅमेरा मागून बघताना उजव्या हाताची बिजागरी तपास.

आता रिकाम्या कॅमेऱ्याचं दार उघड. खाचेतला, उजेड अडवणारा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटतोय? तो संपलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने हळूहळू काढ. कॅमेरा तोंडावर आडवा ठेवू नकोस, उभा धर. चुरा पडद्यावर पडला तर नवीन दुखणं. पडद्याला बोट तर अजिबात लावायचं नाही. अरुंद खाचेत काळी लोकर चालते, बिजागरीशी मात्र नवा फोमच हवा.

मग स्वस्तातला रोल घाल आणि भर दुपारच्या उन्हात फोटो काढून बघ. तोवर महत्त्वाचं काही टिपायचं असेल, तर दाराच्या फटीवर काळी इन्सुलेशन टेप लाव.